व्हाइट सॉक्सचे चाहते खेळाडूंना सोडून मालकावर का चिडले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिकागो व्हाइट सॉक्स हा बेसबॉलचा संघ २०२४ मध्ये १२१ मॅच हरला, तरी लोक खेळाडूंना फारसं बोलले नाहीत. स्टेडियममध्ये घोषणा होती ती 'सेल द टीम', म्हणजे मालकाने संघ विकून टाकावा. आपल्याकडे त्याच वर्षी मुंबई इंडियन्सचं बिनसलं तेव्हा वानखेडेवर लोकांचा राग हार्दिक पंड्यावर निघाला. मग इथे मालकच का? आणि एवढा राग असेल तर लोक त्याच शहरातला दुसरा संघ का धरत नाहीत?

मी २००५ पासून याच संघाची आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये मी मिरजेहून एम.एस. करायला शिकागोला आले. माझं कॉलेज होतं इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. कॉलेज आणि व्हाइट सॉक्सचं मैदान यांच्यामध्ये मोठा हायवे, त्याच्या मधोमध रेड लाइन या लोकल गाडीचे रूळ, बस्स. घरच्या संघाने होम रन (आपल्या सिक्सरसारखा, चेंडू थेट मैदानाबाहेर) मारला की इथल्या स्कोअरबोर्डवरून फटाके उडतात, ही प्रथा १९६० पासूनची. हॉस्टेलवर असाइनमेंट करत बसलं की मधूनच खिडकी दणाणायची. खेळाचे नियम अजिबात कळत नव्हते, पण आवाज आला की आपल्याला रन मिळाले एवढं कळायचं. हे 'आपल्याला' तोंडात कधी बसलं ते आठवत नाही. ऑक्टोबरात संघ वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम लढतीला पोहोचला. दुसऱ्या मॅचला पाऊस आणि बोचरी थंडी. पॉल कोनेर्कोने तिन्ही बेसवर, म्हणजे रन पूर्ण होण्याआधीच्या तिन्ही थांब्यांवर, माणसं असताना होम रन मारला, आणि नऊपैकी शेवटच्या इनिंगमध्ये ज्याने अख्ख्या मोसमात एकही होम रन मारला नव्हता त्या स्कॉट पॉडसेडनिकने मारून मॅच ७-६ अशी संपवली. आम्ही पोरी जिन्यात उभं राहून ओरडत होतो. पुढच्या दोन्ही मॅच जिंकून संघ ८८ वर्षांनी चॅम्पियन झाला.

हे सांगितलं कारण चाहत्याची सुरुवात अशी होते. आता रागाकडे येते.

बेसबॉलच्या एका मोसमात १६२ मॅच असतात, एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज एक. त्यामुळे चांगले संघसुद्धा साठ-सत्तर मॅच हरतात. हरणं हा या खेळात रोजच्या जेवणाचा भाग आहे, एका पराभवाने कोणी चिडत नाही. पण २०२४ मध्ये आमची सुरुवातच ३ विजय आणि २२ पराभव अशी झाली. जुलै-ऑगस्टमध्ये सलग २१ मॅच गेल्या. शेवटी ४१ जिंकलो, १२१ हरलो. त्याआधी साठ वर्षांहून जास्त काळ १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचे १२० पराभव हा आधुनिक काळातला उच्चांक होता, तो आमच्या नावावर आला.

त्या संघातले खेळाडू कोण होते? बरीचशी नवखी पोरं, आणि दुसऱ्या संघांनी सोडून दिलेले काही जण. ती पोरं रोज मैदानात उतरत होती, झेल सुटला तर मान खाली घालून परत जागेवर जात होती. त्यांना काय बोलणार? त्यांना तिथे आणून उभं करणारे हात वेगळे होते. पंड्याच्या वेळी निदान मैदानात समोर दिसणारा एक माणूस होता. आमच्याकडे जबाबदार माणूस मैदानात नव्हताच.

खरं दुखणं २०१६ च्या डिसेंबरपासूनचं. तेव्हा व्यवस्थापनाने ठरवलं की संघ मोडायचा आणि नव्याने बांधायचा. याला 'रीबिल्ड' म्हणतात. मोठे खेळाडू दुसऱ्या संघांना द्यायचे, बदल्यात त्यांची होतकरू मुलं घ्यायची, चार-पाच वर्षं मार खायचा आणि मग एकदम वर यायचं. क्रिस सेल हा आमचा सर्वांत भारी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बॉस्टनला गेला. पुढच्या उन्हाळ्यात होजे किन्ताना तर शहरातल्याच दुसऱ्या संघाला, शिकागो कब्जला, दिला. चाहत्यांना सांगितलं गेलं की थोडा धीर धरा. आणि लोकांनी धीर धरला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. २०१८ मध्ये १०० मॅच हरलो, तरी ३५व्या स्ट्रीटवरच्या आमच्या मैदानात माणसं येत होती, छोट्या शहरांतल्या कनिष्ठ संघांतून खेळणाऱ्या मुलांची नावं त्यांना पाठ होती. शेतकरी पेरणी करून आभाळाकडे बघतो तसं ते बघणं होतं.

पीक आलंही. २०२० मध्ये बारा वर्षांनी प्लेऑफ, २०२१ मध्ये ९३ विजय आणि विभागात पहिला नंबर. त्या ऑगस्टमध्ये आयोवातल्या मक्याच्या शेतात बांधलेल्या मैदानावर यांकीजविरुद्ध मॅच झाली. टिम अँडरसनने शेवटच्या इनिंगमध्ये चेंडू थेट उभ्या मक्यात घालवला आणि ९-८ ने जिंकून दिलं. तेव्हा आम्हाला खरंच वाटलं, पुढची पाच-सहा वर्षं आपली.

पण त्याआधीच, २०२० च्या ऑक्टोबरात, एक गोष्ट घडून गेली होती आणि माझ्या मते सगळं तिथेच फिसकटलं. जुन्या मॅनेजरला काढल्यावर जनरल मॅनेजर रिक हान यांनी सांगितलं होतं की हल्लीच्या काळात प्लेऑफचा अनुभव असलेला माणूस आम्हाला हवा. (बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे मैदानावरचे डावपेच ठरवणारा, माणसं निवडण्याचं आणि करारांचं काम जनरल मॅनेजरचं.) मालक जेरी राइन्सडॉर्फ यांनी आणले टोनी ला रुसा यांना. वय ७६, आणि २०११ नंतर त्यांनी कुठलाच संघ सांभाळला नव्हता. ला रुसा मोठे आहेतच, तीन वर्ल्ड सिरीज जिंकलेत, त्याबद्दल दुमत नाही. पण ते इथे आले त्याचं कारण जुनं होतं. १९८६ मध्ये याच संघाने त्यांना काढलं होतं आणि ती खंत राइन्सडॉर्फ यांनी वर्षानुवर्षं बोलून दाखवली होती. म्हणजे एका माणसाच्या मनातली टोचणी दूर करण्यासाठी आमची चार वर्षांची वाट पाहणी खर्ची पडली. मला याचा आजही संताप येतो.

त्याचं एक उदाहरण सांगते. ९ जून २०२२, घरच्या मैदानावर डॉजर्सशी मॅच. समोर ट्रे टर्नर. त्याच्यावर दोन स्ट्राइक झाले होते, आणखी एक पडला की तो बाद. अशा वेळी ला रुसांनी त्याला मुद्दाम बेस देऊन टाकायला सांगितलं. धोकादायक फलंदाजाला आधीच चालत पहिल्या बेसवर जाऊ देतात, ही चाल नेहमीची आहे, पण दोन स्ट्राइकनंतर कोणी तसं करत नाही. एक प्रेक्षक बेंबीच्या देठापासून ओरडला की अहो टोनी, दोन स्ट्राइक झालेत! तो आवाज टीव्हीवर ऐकू आला. पुढच्याच फलंदाजाने, मॅक्स मन्सीने, होम रन मारून तीन रन नेले. आम्ही ११-९ ने हरलो. त्या उन्हाळ्यात लोक घरच्याच मॅनेजरला काढा म्हणून ओरडू लागले. तो मोसम ८१ विजय, ८१ पराभव असा संपला आणि तब्येतीमुळे ला रुसा बाजूला झाले.

पुढची घसरण भरभर झाली. २०२३ मध्ये १०१ पराभव. ऑगस्टमध्ये हान आणि त्यांचे वरिष्ठ केन विल्यम्स या दोघांना काढलं. आता तरी बाहेरचा, नव्या विचाराचा कोणी येईल असं वाटलं. आठवडा-दीड आठवड्यात जाहीर झालं की संघातलेच क्रिस गेट्झ जनरल मॅनेजर. राइन्सडॉर्फ यांचं म्हणणं असं होतं की बाहेरच्या माणसाचं पहिलं वर्ष संघ समजून घेण्यातच जाईल, आणि त्यांना लवकर सुधारणा हवी होती. त्यानंतरचं पहिलंच वर्ष १२१ पराभवांचं.

त्या मोसमाच्या तोंडावर डिलन सीस हा पिचर सॅन डिएगोला देऊन टाकला. जुलैच्या २५ तारखेला, आम्ही ओळीने हरत असताना, त्याने तिकडे नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे फटका मारून बेस गाठणं, मिळू दिला नाही. मी तो टीव्हीवर पाहिला. आनंद झाला, कारण पोरगा आपल्याकडे वाढलेला. मग रात्री झोप लागली नाही.

पैशाचं बोलायलाच हवं. शिकागो हे अमेरिकेतलं तिसरं मोठं शहर. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी २०२३ च्या डिसेंबरात शोहेई ओहतानीशी ७० कोटी डॉलरचा करार केला. व्हाइट सॉक्सने त्या वेळेपर्यंतच्या सगळ्या इतिहासात केलेला सर्वांत मोठा करार साडेसात कोटींचा, अँड्र्यू बेनिन्टेंडीचा, तोही पाच वर्षांत मिळून. राइन्सडॉर्फ आणि भागीदारांनी १९८१ मध्ये हा संघ सुमारे २ कोटी डॉलरला घेतला होता, आज त्याची किंमत २ अब्जांच्या आसपास धरतात. आणि त्याच २०२४ मध्ये मालक राज्याच्या राजधानीत जाऊन नव्या स्टेडियमसाठी सरकारी मदत मागत होते. आत्ताचं मैदानही असंच सरकारी पैशातून झालंय: १९८८ मध्ये संघ फ्लोरिडाला निघाला होता आणि विधानसभेने मध्यरात्री घड्याळ थांबवून कायदा मंजूर केला, तेव्हा कुठे तो इथे राहिला. कर भरणारा, तिकीट काढणारा, गाडी लावायचे पैसे देणारा माणूस तोच. त्याला विचारतं कोण?

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचे संघ खालच्या लीगमध्ये ढकलले जातात, म्हणून मालकाला धास्ती असते. अमेरिकेत तसं नाही. १२१ मॅच हरा, पुढच्या एप्रिलला तुम्ही त्याच लीगमध्ये असता, टीव्हीच्या पैशांतला वाटाही मिळतो. खेळाडू बदलतात, मॅनेजर बदलतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मॅनेजर पेड्रो ग्रिफोल यांनाही काढलं. खुर्ची हलत नाही ती एकच. म्हणून घोषणा तिच्याकडे तोंड करून दिली जाते.

राइन्सडॉर्फ दुष्ट आहेत असं मी म्हणणार नाही. २००५ त्यांच्याच काळातलं. मायकल जॉर्डनच्या बुल्स या बास्केटबॉल संघाची सहा विजेतेपदंही त्यांच्याच मालकीतली. ते आपल्या माणसांना सोडत नाहीत अशी त्यांची ख्याती आहे. घरात हा गुण शोभतो. पण संघ चालवताना आपल्या माणसांची काळजी वरच्या मजल्यापुरती राहिली, आणि खाली पत्र्यासारख्या तापलेल्या खुर्च्यांवर चाळीस-चाळीस वर्षं बसणारी माणसं त्यांच्या 'आपल्या'त कधी आलीच नाहीत.

कब्जकडे का जात नाही, हा तुमचा दुसरा प्रश्न. कब्ज शहराच्या उत्तर भागातले, आम्ही दक्षिणेतले. दक्षिण शिकागोत हे घरातून येतं, आजोबांकडून नातवाकडे. माझे आजोबा मिरजेत, त्यांना बेसबॉल ठाऊक नव्हता, तरी मलाही संघ बदलणं जमलं नाही. माझ्या नवऱ्याने एकदा सुचवून पाहिलं. मी म्हटलं, अरे, माझ्या हॉस्टेलची खिडकी कब्जच्या फटाक्यांनी वाजत नव्हती.

२४ सप्टेंबर २०२४, मंगळवार. १२० पराभव झालेले, समोर लॉस एंजेलिस एंजल्स. आज उच्चांक होणार म्हणून एरवीपेक्षा बरीच गर्दी. काहींनी डोक्यावर कागदी पिशव्या घातलेल्या, डोळ्यांपुरती भोकं पाडलेली. मी नेहमीप्रमाणे मका घेतला. इथे भाजलेलं कणीस समोरच सोलून दाणे देतात, वर लिंबू आणि तिखट, आपल्याकडच्यासारखं. शेजारी सत्तरीतले एक आजोबा मांडीवर स्कोअरची वही घेऊन बसलेले. प्रत्येक चेंडू पेन्सिलने नोंदत होते. सातव्या इनिंगपर्यंत आमच्या खात्यावर शून्य. 'सेल द टीम' सुरू झालं. स्टँडमागून स्टँड उभा राहिला. आजोबा बसूनच होते, पण ओठ हलत होते. आठव्या इनिंगमध्ये दोन रनांनी मागे असताना आम्ही तीन रन काढले आणि मॅच ३-२ ने जिंकली. आजूबाजूचे काही जण टाळ्या वाजवत होते, काहींना काय करावं सुचत नव्हतं.

आजोबांनी शेवटचा आकडा लिहिला, पेन्सिल वहीच्या कण्यात खोचली. मी विचारलं, "हे सगळं का लिहिता? हे वर्ष तर विसरण्यासारखंच आहे." ते म्हणाले, "कोणीतरी लिहून ठेवायला हवं की आम्ही इथे होतो." मग विचारलं, "उद्या येणार ना?"

मला ऑफिसमुळे जमलं नाही. बुधवारी घरी टीव्हीवर पाहिलं, जादा, दहाव्या इनिंगमध्ये ४-३ ने जिंकलो. गुरुवारीही जिंकलो. १२१वा पराभव शुक्रवारी डेट्रॉइटला झाला, घरी नाही. बुधवारी कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला की मी प्रत्येक वेळी ती वही शोधत होते.