कोयत्याने तुटलेली नस ‘ग्रोथ फॅक्टर’च्या इंजेक्शनने जुळते का?

तुम्ही लिहिलंय, धाकट्या भावाला ऊसतोडीत मनगटावर कोयता लागला, टाके घालून दोन महिने झाले, करंगळी आणि शेजारचं बोट अजून बधिर आहे, आणि आता कुणी ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन घ्या म्हणतंय.

मी बीड जिल्ह्यात फिजिओथेरपी करतो. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या की असे हात माझ्याकडे येतात, बहुतेक उशिराच. म्हणून आधी एकच विचारतो: टाके कातडीला घातले, की नसेलाही? कागदावर नस जोडल्याचा उल्लेख नसेल तर इंजेक्शनचा विषय बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात प्लास्टिक सर्जन गाठा. (आपल्याकडे ‘शीर’ म्हणजे रक्ताचीही आणि संवेदनेचीही, त्यामुळे ‘शीर शिवली’ एवढ्यावर विसंबू नका.)

आता ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना जगायला-वाढायला लावणारी प्रथिनं. ती आपलं शरीर स्वतःच बनवतं. नस तुटली की तुटल्या जागेच्या पुढचे तंतू मरतात, पण त्यांच्याभोवतीच्या श्वान पेशी (श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव, कुत्र्याशी संबंध नाही) जगतात. त्या कचरा उपसतात, रांगेत उभ्या राहून पोकळ वाट तयार करतात आणि एनजीएफ, बीडीएनएफ, जीडीएनएफ अशी प्रथिनं पाझरू लागतात. वाढणाऱ्या तंतूचं टोक ती टिपतं. तो निरोप तंतूतून उलटा वर, तो तंतू जिच्यातून निघतो त्या पाठीच्या कण्यापाशी असलेल्या पेशीपर्यंत जातो. मग ती पेशी तगते आणि नवा माल खाली धाडते. वेग दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत 18-20 सेंटीमीटर धरा, म्हणजे सहा-सात महिने, शिवाय सुरुवातीचे काही आठवडे. दोन महिन्यांत बोट बधिर असणं यात नवल नाही.

खरी अडचण अशी की तंतू आला नाही तर काही महिन्यांत श्वान पेशींचा हा पाझर आटत जातो, आणि वर्ष-दीड वर्षानंतर हाताचे बारीक स्नायू तंतूला दाद देत नाहीत. दोन टोकांत अंतर पडलं असेल तर पिंढरीमागची नस काढून मध्ये जोडावी लागते.

मग बाहेरून भरपूर ग्रोथ फॅक्टर दिलं तर? प्राण्यांवर करून पाहिलंय. एकाच जागी जीडीएनएफ जास्त झालं की तंतू तिथंच गुंता करून थांबतात, वाटेत हिरवा कडबा दिसला की बैल पुढं पाऊल टाकत नाही तसे. एनजीएफ तर वेदनेच्या तंतूंनाच जास्त चेतवतं. 1990 च्या दशकात मधुमेहींच्या नसांसाठी त्याची इंजेक्शनं मोठ्या चाचणीत दिली. टोचल्या जागी दुखलं, आणि अपेक्षित फायदा काही दिसला नाही. डोळ्याच्या बुबुळाच्या नसांसाठी मात्र एनजीएफचे थेंब अमेरिकेत 2018 मध्ये मंजूर झाले. तिथं जागा छोटी, औषध थेट पोचतं. ग्रोथ फॅक्टरच्या शोधासाठी रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना 1986 चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे, कोहेन यांना एनजीएफचा भरघोस साठा सापडला तो सापाच्या विषात, तोही दुसरंच काही तपासताना!

गावाकडे ‘ग्रोथ फॅक्टर’ म्हणून देतात ते बहुधा पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेला, प्लेटलेट जास्त असलेला द्रव. तुटलेली नस त्यानं जुळते असा भरवशाचा पुरावा नाही. बी-12 च्या गोळ्याही ग्रोथ फॅक्टर नव्हेत. पैसे राखून ठेवा, एनसीव्ही तपासणीला (नसेतून संदेश किती वेगानं जातो ते पाहणारी) आणि येण्याजाण्याला लागतील.

नस जोडलेली असेल तर बोटं दुसऱ्या हातानं रोज सरळ करत राहा, नाहीतर ती आखडून वाकडी होतात. चुलीपासून आणि गरम चहाच्या पेल्यापासून जपायला सांगा. बधिर हाताला भाजलेलं कळत नाही. आणि नसेच्या वाटेवर टिचकी मारत खाली या: जिथं करंगळीकडे झिणझिण जाते तिथं पेनानं खूण करून तारीख लिहा. महिन्यानं ती जागा दोन-तीन सेंटीमीटर बोटांकडे सरकली असेल तर तंतू चालू लागलेत. तीन महिने एकाच ठिकाणी अडली तर त्याच खुणेसकट हात सर्जनला दाखवा.