कोर्स मुलीचा, काळजी मुलाची

प्रश्न: अहमदपूर तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी यंदा सायकॉलॉजी घेऊन बी.ए. झाली, ६८ टक्के पडले. तिला एम.ए. करायचंय. दोन वर्षं बाहेर ठेवण्यापेक्षा तिने सहा महिन्यांचा ऑनलाइन क्लिनिकल सायकॉलॉजीचा कोर्स करावा, दुकानाच्या वरच क्लिनिक काढून देतो, असं माझं मत. सुरुवात घरातूनच होईल. धाकटा मुलगा लातूरला राहून दोनदा नीटला बसला, दोन्ही वेळा थोडक्यात हुकलं. चार महिन्यांपासून धड बोलत नाही, रात्रभर जागा असतो, ताट तसंच परत येतं. ‘माझं काही खरं नाही’ म्हणतो. बाहेर दाखवावं तर बोभाटा होतो. तिसऱ्यांदा बसवायचंय, तोवर ताईने त्याला समजावून रुळावर आणावं. कोणता कोर्स चांगला?

उत्तर: दादा, कोर्सचं नंतर बघू. आधी मुलाचं.

चार महिने झोप नाही, अन्न जात नाही, आणि तोंडी ‘माझं काही खरं नाही’. हा आळस नाही, नाटक नाही, आणि बहिणीने समजावून सुटणारी गोष्ट तर नाहीच. याच आठवड्यात त्याला मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येईल. तिथे कुणी ओळखीचं भेटेल अशी धास्ती असेल तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या. तोवर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आणखी एक, आणि हे वाचून झाल्याबरोबर करा. दुकानातली कीटकनाशकं-तणनाशकं कुलपात घाला, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. घरात जिन्याखाली, न्हाणीजवळ अर्धी उरलेली बाटली असेल तर तीही हलवा. रोज विकणाऱ्याची नजर मरते, म्हणून सांगतो. त्याला एकटं सोडू नका. मरणाचे विचार येतात का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, उलट लेकराला बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर आठवड्याची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तिसऱ्या प्रयत्नाचं तुम्ही ठरवूनही टाकलंत. त्याला विचारल्याचं पत्रात कुठेच नाही. लातूर पॅटर्नने अनेकांची लेकरं डॉक्टर झाली, कबूल. पण ज्याला दोन घास जात नाहीत त्याच्यासाठी पुन्हा क्लासची फी भरणं याला मी जिद्द म्हणणार नाही. यंदा परीक्षेचं नाव काढू नका. बी.फार्म., नर्सिंग, कृषी पदवी या वाटा तो बरा झाल्यावरही आहेतच. आणि बोभाट्याचं म्हणाल, तर गावाला तुमच्या घरातलं आधीच कळलेलं असतं. कळत नाही ते आपल्यालाच.

आता ताई. सहा महिन्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. नुसत्या एम.ए.वरही होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेलं प्रशिक्षण लागतं, प्रत्यक्ष रुग्णांसोबत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. मग परिषदेकडे नोंदणी. १९९२ च्या कायद्यात नोंदणीशिवाय हे काम करणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे, तेव्हा दुकानावरच्या त्या पाटीचा नाद सोडा. आजवर यासाठी एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०२२ च्या नियमावलीत एम.फिल. बंद केलं आणि क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंतच मुभा दिली. म्हणून कोर्सच्या नावावर जाऊ नका, संस्था आरसीआयच्या यादीत आहे का ते आधी तपासा. एवढं सगळं करूनही सायकॉलॉजिस्ट औषधं लिहून देत नाही, ते एम.बी.बी.एस.नंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचं काम. आणि सख्ख्या भावावर उपचार तर मुरलेला तज्ज्ञही करत नाही. तुम्हाला घरात फुकटचा डॉक्टर हवाय, आणि त्याची किंमत पोरीने मोजायची, असा हा हिशोब आहे. उद्या भावाचं बिनसलं तर बोल तिलाच लागणार.

६८ टक्के एम.ए.ला वाईट नाहीत. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात अर्ज करू द्या, वसतिगृहात राहू द्या. एम.ए.त तिला संख्याशास्त्र लागेल, मानसशास्त्रीय चाचण्यांची प्रात्यक्षिकं लागतील, बी.ए.त गाइडवर भागवलं असेल तर पहिल्या सेमिस्टरला दमछाक होईल. पुढे नेट-सेट देऊन प्राध्यापकी, शाळेत समुपदेशन, कंपनीत एच.आर. हे नेहमीचे रस्ते आहेतच. मला विचाराल तर तिने क्लिनिकलकडे जावं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद असतं, आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलू शकणारं माणूस तिथे हवंच आहे. पण हे माझं मत झालं. पत्र तुम्ही लिहिलंत. तिला यातलं काय हवंय ते तिने मला स्वतः कळवावं.

दवाखान्यात मात्र तिला पुढे करू नका. त्याच्याबरोबर तुम्ही जा. ओपीडी सकाळची असते आणि केसपेपरला रांग लागते, तेव्हा पहिल्या एस.टी.ने निघा.