‘या कोण?’ म्हणण्याआधी

प्रश्न : बानू मुश्ताक यांना २०२५चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, तेव्हा दादरच्या आमच्या वाचनगटात पहिली प्रतिक्रिया आली, ‘या कोण? वशिला असणार.’ मला फार लागलं, पण उत्तर सुचलं नाही. काय म्हणायला हवं होतं?
– एक वाचक, माहीम

उत्तर : लागलं ते बरोबरच. गिरगावातल्या एका वाचनालयाच्या खिडकीवर मी २६ वर्षं पुस्तकं दिली-घेतली. ऑक्टोबरात नोबेल जाहीर झालं की हाच सूर ऐकू यायचा. आपण नाव ऐकलं नाही, हा लेखकाचा दोष कसा? बानूताई हासनच्या, पेशाने वकील. बक्षीस मिळालेल्या बारा कथा त्यांनी तीसेक वर्षांत, कन्नडमध्ये लिहिल्या. हासन आपल्या शेजारच्या राज्यात आहे हो! आणि बक्षिसाच्या ५० हजार पौंडांतला निम्मा वाटा त्या कथा इंग्रजीत आणणाऱ्या अनुवादक दीपा भास्ती यांचा. आपल्याकडे मुखपृष्ठावर अनुवादकाचं नाव शोधावं लागतं, याचा मला अजून राग येतो.

उलटी तऱ्हाही पाहिली. २०१९ला अभिजित बॅनर्जींना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा ‘जन्म मुंबईचा, आई मराठी, म्हणजे आपलाच!’ म्हणून पेढे वाटले गेले. त्यांचं गरिबीवरचं पुस्तक मात्र महिनाभर कपाटात तसंच. पुस्तकाच्या मागे चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर एकच शिक्का. तो एका निवृत्त शिक्षिकेचा. त्यांनी समासात पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या. नियमात बसत नव्हतं, तरी मी त्या पुसल्या नाहीत.

पुढच्या बैठकीत वाद घालू नका. बानूताईंची एक कथा मोठ्याने वाचा.