पोरांबरोबर पहिला नाताळ? दोनच गोष्टी कर

अगं टेन्शन नको घेऊस, एवढ्याशा पोरांना गोठा (येशूच्या जन्माचा देखावा) आणि कुलकुल (पिठाचा तळलेला गोड खाऊ) बास झालं. १४-१५ डिसेंबरला ताटलीत माती घालून गहू नाहीतर नाचणी पेर, पाणी पोरांनाच शिंपडू दे (शिंपडू, ओतू नाही! आमचं पहिल्या वर्षी सगळं कुजलं), २४ पर्यंत गोठ्यापुरतं गवत उगवतं. कुलकुलची गोळी फोर्कच्या पाठीवर दाबून गुंडाळायला त्यांना दे, वाकडीतिकडी होणारच, तशीच तळ, पण तळताना पोरं किचनबाहेर. नवीन लोक चुकतात कुठे, तर सगळं २४ लाच काढून बसतात आणि वर पेंगुळलेल्या पोरांना मध्यरात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनेला) नेतात. तू २५ ला सकाळी जा. बाळ येशू मात्र २४ च्या रात्रीच गोठ्यात ठेवायचा, धाकट्याच्या हाताने.