घरात कोणी बोलतच नाही, तर यांना रिट्रीटला पाठवून देऊ का?

मी नागपुरात समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न आजकाल बराच येतो माझ्याकडे. कोणाचा नवरा वर्षभर गप्प आहे, कोणाची पोरगी ब्रेकअपनंतर खोलीतून बाहेर निघत नाही, कोणाचं आपलंच डोकं नोकरीनं पिकलंय, आणि इन्स्टा उघडलं की त्याच जाहिराती, सात दिवस डोंगरात, फोन बंद, हीलिंग सर्कल, योगा, सात्त्विक जेवण, आणि परत येताना तुम्ही नवीन माणूस. मग विचारतात, "मॅडम, पाठवून देऊ का?" हो किंवा नाही असं एका शब्दात सांगता येत नाही, म्हणून एक केस लिहून ठेवते. परवानगी घेतली आहे, आणि ओळख लागू नये म्हणून बरंच काही बदललंय.

ताई नागपुरातल्याच मनीषनगरच्या, बँकेत नोकरी, पन्नाशी ओलांडलेली. दीड वर्षापूर्वी मुलगा गेला. शहराबाहेरच्या मिहान औद्योगिक भागात कामाला होता, रात्री बाईकवर घरी येत असताना वर्धा रोडवर ट्रकनं उडवलं. मोठी मुलगी पुण्यात आयटीत. घरी आता ताई आणि मिस्टर, दोघंच. मिस्टर रिटायर्ड, बोलत नाहीत म्हणजे अगदी मुके झाले असं नाही, "भाजी आणू का", "लाइट बिल भरलं" एवढं बोलतात, पण मुलाचं नाव काढलं की उठून गॅलरीत जातात.

ताई आल्या त्या एक सिरीज पाहून. मुलगी दिवाळीला आली होती, दोघींनी मिळून प्राइमवर 'नाइन परफेक्ट स्ट्रेंजर्स' पाहिली. ज्यांनी नसेल पाहिली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, स्पॉयलर आहे. 2021 चा पहिला सीझन आठ भागांचा आहे, त्याचंच बोलतेय. निकोल किडमन त्यात माशा नावाची बाई आहे, ती एक महागडं वेलनेस रिट्रीट चालवते, तिथं नऊ अनोळखी लोक येतात. कोणी पेनकिलरच्या आहारी गेलेला माजी खेळाडू, कोणी ऑनलाइन प्रेमात फसलेली लेखिका, लॉटरी लागून सुद्धा संसार मोडायला आलेलं एक जोडपं, आणि आई, वडील, मुलगी असं एक मार्कोनी कुटुंब, ज्यांच्या मुलानं आत्महत्या केलेली असते. आल्या आल्या सगळ्यांचे फोन काढून घेतात, रक्त तपासतात, आणि रोज प्रत्येकाला त्याच्यासाठी वेगळी बनवलेली स्मूदी देतात. नंतर कळतं की त्या स्मूदीत सायलोसायबिन असतं, नशा आणणाऱ्या मॅजिक मशरूममधलं, आणि ते कोणाला विचारून दिलेलं नसतं.

ताईंना त्या मशरूमशी घेणंदेणं नव्हतं. त्यांच्या डोक्यात ते मार्कोनी बसले होते. "मॅडम, ते कसे शेवटी बोलले ना तिघं एकमेकांशी. यांनाही असं कुठं पाठवलं तर? हिमाचलात आहे एक, दहा दिवसांचं, पाऊण लाख घेतात. मी भरून देते. इथं माझ्यासमोर तर हे तोंडच उघडत नाही आहे ना."

त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. अनोळखी माणसासमोर मन मोकळं होतं, हे खरंय. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये नागपूरहून पुण्याला निघालेला माणूस समोरच्या सीटवरच्याला भुसावळ यायच्या आत सगळी हिस्ट्री सांगून टाकतो, कारण त्या समोरच्याला ना आपली दया येणार, ना उद्या तो आपल्या काकूला फोन करणार. ग्रुप थेरपी बऱ्याच अंशी याच्यावरच चालते. म्हणून बाहेर जाण्यात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण पाठवायचं ते काय म्हणून पाठवायचं हे आधी पाहावं लागतं.

पहिलं म्हणजे हे दुःख आहे की आजार आहे. जवळचं माणूस गेल्यावर दीड वर्ष रडणं हा आजार नाही हो, दीड वर्ष काय, पाच वर्षांनी सुद्धा वाढदिवसाला डोळ्यात पाणी येणारच. पण शोक अडकून बसतो असं आता अधिकृतपणे मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत सहा महिन्यांनंतर आणि अमेरिकेतल्या सायकियाट्रिस्टांच्या 2022 च्या यादीत मोठ्या माणसांसाठी वर्षभरानंतर, माणूस जवळजवळ रोज त्याच ओढीत असेल, रोजचं जगणं थांबलं असेल, तर त्याला प्रोलॉन्ग्ड ग्रीफ, म्हणजे लांबलेला शोक, म्हणतात आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. म्हणून मी ताईंना मिस्टरांची झोप, जेवण, वजन, दारू सगळं विचारलं, आणि "जगण्यात काही राहिलं नाही" असं काही बोलतात का तेही सरळ विचारलं. विचारल्यानं डोक्यात ते विचार येतात असं लोकांना वाटतं, तसं काही होत नाही, उलट विचारलं की माणसाला हायसं वाटतं. तसं ते बोलत नव्हते, पण झोप पार उडालेली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हॉलमध्ये बसून राहतात म्हणे.

मिस्टर येणार नव्हतेच. "मी काय येडा आहे का" हे उत्तर नागपुरात मला पाठ आहे. पण प्रत्येक वेळी ताईंना स्कूटरवर सोडायला यायचे आणि समोरच्या टपरीवर चहा घेत थांबायचे, खाली बघत. मी ताईंना म्हटलं, त्यांना सांगा की मॅडमला झोपेबद्दल दहा मिनिटं माहिती पाहिजे, बाकी काही नाही. आले. दहा मिनिटं म्हणजे दहाच मिनिटं बसले, झोपेबद्दलच बोललो, आणि मी त्यांना एका सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. लोकांना वाटतं समुपदेशक म्हणजे लगेच मनाच्या तळाशी बुडी मारणार. रात्र रात्र जागलेल्या माणसाच्या मनात बुडी मारून काय सापडणार, आधी झोपू द्या ना त्याला.

मधल्या काळात ताईंची एक तक्रार सारखी यायची. अपघाताच्या क्लेमचे कागद तयार होते, वकील मागे लागले होते, आणि मिस्टर सही करत नव्हते. "पैशाचा मोह नाही मॅडम मला, पण हे काहून असं करून राहिले?" नातेवाईकांनी आपापले अर्थ लावले होते, कोणी म्हणे पोराच्या जिवाचे पैसे नको त्यांना, कोणी म्हणे अडेलतट्टू आहेत पहिल्यापासून.

मग एका सेशनला दोघं आले आणि मुलगी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होती. मी मिस्टरांना म्हटलं, काका, फाइल आणली का? आणली होती, मेडिकल स्टोअरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यांनी कागद काढला, चष्मा लावला, आणि एका ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे फिरवला. वाहनमालक, आणि पुढं त्यांचं नाव.

"गाडी माझी होती. त्याची गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. तो म्हणत होता बसनं जातो. मीच म्हटलं घेऊन जा माझी."

दीड वर्षात हे वाक्य त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. ताई म्हणाल्या, "मला वाटलं तुम्ही माझ्यावर चिडून आहात." मी विचारलं, काहून तुमच्यावर? तर ताईंनी त्या रात्री मुलाला फोन केला होता, ये लवकर, जेवण थंड होऊन राहिलं, रिंग वाजत राहिली, उचलला नाही. ताईंच्या मनात पक्कं बसलं होतं की तो फोन बघायला गेला आणि म्हणून ट्रक दिसला नाही. त्यावर काका एकदम म्हणाले, "फोन बॅगेत होता ना. चेन लावलेली होती. पोलिसांनी माझ्यासमोर काढला." दीड वर्ष हे त्यांना माहीत होतं, आणि ताईंना सांगायचं असतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

मग लॅपटॉपमधून पोरगी. ती तेव्हा घरी आली होती, दुसऱ्या दिवशी पुण्याला परत जाणार होती, म्हणून तिनं भावाकडे रूममेट्ससाठी संत्रा बर्फी मागितली होती, येताना घेऊन ये म्हणून. ती बर्फी घ्यायला थांबला नसता तर तो ट्रक पुढं निघून गेला असता, हा हिशोब ती रोज करत होती. काका म्हणाले, "अगं, बर्फी त्यानं दुपारीच घेतली होती, डब्यासकट कॅन्टीनच्या टेबलावर राहिली, त्याचा मित्र आणून देऊन गेला ना नंतर." मुलगी म्हणाली मला कोणी सांगितलं नाही. ताई म्हणाल्या मी तो डबा कामवाल्या मावशीला देऊन टाकला, तुला त्रास होईल म्हणून नाही सांगितलं.

मला जे सांगायचंय ते इथं आहे. पाऊण लाख भरून काका हिमाचलात गेले असते, सर्कलमध्ये बसून रडलेही असते, अनोळखी लोकांनी हात हातात घेतला असता, पण फोन बॅगेत होता ही गोष्ट तिथल्या कोणाच्याच कामाची नव्हती, ती फक्त ताईंच्या कामाची होती. आणि ताई तेव्हा मनीषनगरात बसून आपलीच चूक उगाळत राहिल्या असत्या. मालिकेत सुद्धा नीट पाहा, मार्कोनींचं तेच आहे. बापाला वाटतं मी अलार्म स्नूझ केला म्हणून मुलगा गेला, आईला वाटतं त्याच्या दम्याच्या गोळीचे साइड इफेक्ट मी मनावर घेतले नाहीत म्हणून गेला. दोघांनी एकाच छताखाली आपापली शिक्षा वेगवेगळी भोगली. बाकीचे पाहुणे त्यात फक्त पाहुणेच राहतात.

(दम्याच्या गोळीचं निघालंच आहे तर, मॉन्टेलुकास्ट नावाचं औषध आपल्याकडेही लहान मुलांना सर्दी, अ‍ॅलर्जी, दम्यासाठी खूप देतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेनं, एफडीएनं, मार्च 2020 मध्ये त्यावर मूड आणि आत्महत्येच्या विचारांबद्दलची सगळ्यात कडक इशारा-चौकट लावायला सांगितली. घाबरून स्वतःच बंद करू नका, पण पोरगा गोळी सुरू झाल्यापासून चिडचिड करतो, रात्री भयानक स्वप्नं पडतात, असं दिसलं तर डॉक्टरांना सांगा.)

काकांच्या वाटणीला मात्र असं सुटकेचं काही आलं नाही. गाडी त्यांचीच होती, त्यांनीच दिली होती, हे खरंच आहे आणि ते कोणी पुसू शकत नाही. त्यावर आमचं काम अजून चालू आहे. बाप मुलाला गाडी देतो तेव्हा त्याला पुढचा ट्रक दिसत नसतो, हे त्यांना डोक्यानं पटतं, छातीत उतरायला वेळ लागेल. कागदावर सही अजून केलेली नाही. वकील म्हणाले ताईंच्या नावानंही दावा करता येतो, तर ते त्या बघून राहिल्या आहेत.

आता रिट्रीटचं. त्या मालिकेमुळे मशरूमबद्दलही पोरं विचारतात, म्हणून सांगून टाकते. सायलोसायबिनवर खरंखुरं संशोधन चालू आहे, ऑस्ट्रेलियात जुलै 2023 पासून परवानगी असलेले सायकियाट्रिस्ट इतर औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनमध्ये ते देऊ शकतात. पण तिथं आधी तपासणी होते, घरात कोणाला सायकोसिस (भास-भ्रमाचा आजार) किंवा बायपोलर (मूडच्या टोकाच्या चढउतारांचा आजार) असेल तर सहसा घेतच नाहीत, आधी तयारीच्या बैठका, देताना प्रशिक्षित माणसं पूर्ण वेळ सोबत, नंतर पुन्हा बैठका, आणि पेशंटची लेखी संमती. माशा यातलं सगळ्यात मोठं, म्हणजे संमती, तेच गाळते, आणि वर स्वतःच्या मेलेल्या मुलीचं दुःख पेशंटांच्या खर्चानं सोडवायला बघते. आपल्याकडे हे 1985 च्या अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात बसतं, गोवा असो की हिमाचलातलं कसोल, कोणी "सेरेमनी" म्हणून देत असेल तर तो गुन्हा आहे. आणि 2017 चा मानसिक आरोग्य कायदा तर सरळ म्हणतो की उपचाराला पेशंटची समजून उमजून दिलेली संमती लागते. नवऱ्याला सरप्राइज म्हणून रिट्रीटला नेऊन सोडणं, "दोन दिवस फिरायला जाऊ" सांगून, हेही मी करू देत नाही. असं करणारे लोक आहेत.

जायचंच असेल तर मी लोकांना जाहिरातीतले फोटो बाजूला ठेवून फोन लावायला सांगते. विचारा, घ्यायच्या आधी मानसिक आजाराची, चालू गोळ्यांची चौकशी करता का? कोणी रात्री दोन वाजता कोसळलं तर तिथं कोण आहे, डॉक्टर की योगा टीचर? मधूनच निघून यायचं झालं तर येता येतं का, पैशाचं काय? आणि घरी परतल्यावर पुढच्या आठवड्यात फोन कोणाला करायचा? जे "आमच्याकडे गोळ्या सुटतात" म्हणतात त्यांचा फोन तिथंच ठेवून द्या.

ताईंच्या मुलीनं परवा विचारलं की ती विपश्यनेला जाऊ का, माहुरझरीला आपल्या जवळच धम्मनाग केंद्र आहे तिथं. दहा दिवस मौन, फोन जमा, फी नाही, कोर्स पूर्ण झाल्यावर ज्याला द्यायचं त्यानं दान द्यायचं. चांगली पद्धत आहे, पण ती शोकावरचा उपचार म्हणून बनवलेली नाही, आणि गंभीर मानसिक त्रास असलेल्यांना ते स्वतःच नको म्हणतात. तिला अजून गर्दीत ट्रकचा हॉर्न ऐकला की घाम फुटतो. दहा दिवस डोळे मिटून त्या हॉर्नसोबत एकटीनं बसायचं म्हणजे सोपं नाही. मी म्हटलं सध्या थांब, आधी हे हॉर्नचं आपण कमी करू, मग फॉर्म भर, आणि फॉर्ममध्ये विचारतात तेव्हा झोपेचं, घाबरण्याचं, आपल्या सेशनचं सगळं खरं लिही, अ‍ॅडमिशन मिळणार नाही या भीतीनं लपवू नको.

हिमाचलचं बुकिंग ताईंनी केलंच नव्हतं, फक्त लिंक सेव्ह करून ठेवली होती. आणि रात्री-बेरात्री कोणालाही फारच जड झालं, स्वतःचं काही बरंवाईट करावंसं वाटलं, तर टेलिमानस 14416 हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. काकांच्या मोबाइलमध्ये मी तो स्वतः सेव्ह करून दिलाय, त्यांनी विचारलं नाव काय टाकू, मी म्हटलं जे तुम्हाला लक्षात राहील ते, तर त्यांनी "झोपेवाले" टाकलं.