अँप खुर्चीवर ठेव

प्रिय दोस्ता,

तुझी गिटार आणि जोडीदाराचे ड्रम, आधी काही न ठरवता केलेल्या तुमच्या उत्स्फूर्त जोडवादनाचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. हात तयार आहे, त्याबद्दल शंका नाही. पण जोडीदाराने झांजेवर काठी घासली की लगेच तू तार घासतोस, त्याने टकटक केली की तुझीही टकटक. सवाल-जवाब पहिली दोन मिनिटं रंगतो. नंतर मला वाटायला लागलं, दोघांतला एक जण नसता तरी चाललं असतं.

शेफील्डचा गिटारवादक डेरेक बेली आणि नेदरलँड्सचा ड्रमर हान बेनिंक यांनी 1969 मध्ये केलेली जोडवादनाची रेकॉर्ड मिळवून ऐक. बेनिंक अंगावर येणारा वादक. ड्रमवर पाय दाबून त्याचा स्वर चढवील, खुर्ची, जमीन, जे हाताशी येईल ते वाजवील. बेली त्याच्यामागे धावत नाही. आपल्या जागी बसून आपलं बोलतो, आणि तरी तो सगळं ऐकतोय हे कळतं. हे फार अवघड आहे रे.

तार छेडताना पहिला जो 'टक्' होतो, तो तालवाद्याच्या मुलखातला. त्यामागून उरणारा नाद मात्र तुझा; झांज आणि घंटा सोडल्या तर जोडीदाराकडे तसं फारसं काही नाही. व्हॉल्यूम पेडलने, म्हणजे पायाने आवाज कमी-जास्त करायच्या पेडलने, आवाज पूर्ण उतरवून तार छेड, मग हळूच चढव. टक् गळून जातो, नुसता नाद उगवतो. बेलीने हे पेडल खूप वापरलं. महिनाभर एवढंच कर.

आपले कान समेवर वाढलेले. उत्स्फूर्त वादनावरच्या 1980 च्या पुस्तकात बेलीने भारतीय संगीताला सुरुवातीचीच प्रकरणं दिली, पण त्याच्या स्वतःच्या वादनात ना राग, ना आवर्तन. तेव्हा जोडीदाराकडून ठेक्याची अपेक्षा ठेवू नकोस. तो तुझ्या साथीला बसलेला नाही.

आणि अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर. मी कित्येक वर्षं तो पाठीमागे जमिनीवर ठेवायचो. आवाज माझ्या गुडघ्यांवर आदळायचा, मला कमी वाटायचा, मी वाढवत जायचो. एकदा जोडीदार अख्खा वेळ लहान घंटा वाजवत होता. मला ते दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगवर कळलं. अजून खुपतं. अँप खुर्चीवर, कानाच्या उंचीला ठेव, आणि जोडीदाराच्या ड्रमवरच्या ब्रशची सळसळ ऐकू येईपर्यंत आवाज उतरव.

पुढच्या वेळी तुझ्या जोडीदाराचा माइक वेगळ्या ट्रॅकवर घे. मला आधी त्याला एकट्याला ऐकायचंय.

तुझा,
दादा