मूच : हिंडणं की हात पसरणं?

प्रश्न असा आहे : एका ब्रिटिश मालिकेत मुलगा आईला सांगतो, 'आय वॉज जस्ट मूचिंग अबाउट.' एका अमेरिकन मालिकेत बहीण भावावर खेकसते, 'स्टॉप मूचिंग ऑफ मी!' हा एकच शब्द आहे का, आणि मराठीत काय म्हणायचं?

शब्द एकच आहे. ब्रिटनमध्ये तो बहुतेक वेळा पायांचा असतो, अमेरिकेत हाताचा. खूण क्रियापदात शोधू नका, त्याच्या शेपटात शोधा. 'अबाउट' किंवा 'अराउंड' आलं की माणूस नुसता हिंडतोय. 'ऑफ' आलं की कुणाच्या तरी जिवावर चाललंय.

त्यातलं ब्रिटिश हिंडणं मराठीत आणणं अवघड. 'हुंदडणं' म्हटलं तर अंगात फार जोर आला. 'उंडारणं' म्हटलं की दावं तोडून सुटलेलं जनावर दिसतं, शिवाय बोलणारा वडीलधारा आणि चिडलेला असतो. 'पाय मोकळे करायला गेलो होतो' यात तर चक्क हेतूच आला! मूचिंगमध्ये हात खिशात, पाय ओढत, दुकानाच्या काचेशी दोन मिनिटं थांबायचं, घ्यायचं काहीच नाही. मी मुलाच्या तोंडी 'असाच फिरत होतो' एवढंच घालेन. सगळी मजा त्या 'असाच'मध्ये आहे. अमेरिकन बहिणीचं काम सोपं : 'माझ्या जिवावर फुकट खाणं बंद कर!'

रिकामपण आणि फुकटेपणा एकाच शब्दात नांदण्याची इंग्रजीला सवयच आहे. 'बम' घ्या. जर्मनमध्ये 'बुमेलन' म्हणजे रमतगमत फिरणं, 'बुमलर' म्हणजे तसं फिरणारा. तिथून अमेरिकेत 'बमर' आला. १८६४ साली अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेकडच्या जनरल शर्मनची फौज अटलांटाहून सव्हानाकडे निघाली, तेव्हा वाटेतल्या मळ्यांतून कोंबड्या, डुकरं, मका उचलून आणणाऱ्या त्याच्या शिपायांना 'बमर्स' म्हणत. रमतगमत फिरणाऱ्याचा हात असा दुसऱ्याच्या खुराड्यात गेला. आज 'बमिंग अराउंड' म्हणजे टाइमपास आणि 'कॅन आय बम अ सिगारेट?' म्हणजे 'एक दे ना'. ब्रिटनमध्ये मात्र 'बम' या नामाचा पहिला अर्थ ढुंगण, तेव्हा जपून.

ऑस्ट्रेलियनांचा 'ब्लज' याच जातीचा : कामचुकारपणाही तोच आणि मागून घेणंही तोच. 'कॅज' म्हणजे मागून उपटणं, तो वेगळ्या वाटेने आला. 'कॅजर' हा मूळचा गावोगाव फिरणारा फेरीवाला. पुढे तो मागत फिरणारा झाला. 'स्क्राउंज' पहिल्या महायुद्धातल्या शिपायांनी घरोघर पोचवला. त्यात मागणं आणि गुपचूप उचलणं यांतली रेघ पुसट असते, म्हणून त्याला आपला 'ढापणं' कधी बसतो, कधी नाही.

मराठीत ही दोन खाती वेगळी आहेत. रिकामटेकडा, उनाड हे एका बाजूला. फुकट्या, ऐतखाऊ, आयतोबा दुसऱ्या बाजूला. चकाट्या पिटणारा स्वतःच्या घरचं खाऊनही पिटू शकतो. आणि मागून खाणाऱ्या प्रत्येकाला आपण फुकट्या म्हणत नाही. माधुकरी मागून, वार लावून जेवून शिकलेल्यांना कुणी 'मूचर' म्हटलं तर मी भांडेन.

'लोफर' मात्र आपण घेतला आणि बिघडवला. अमेरिकन इंग्रजीत १८३०च्या दशकात आलेला हा शब्द नुसत्या आळशी, रिकाम्या माणसासाठी होता. पुढे पायात सहज सरकवायच्या बिननाडीच्या बुटांनाही तेच नाव मिळालं. मराठीत लोफर म्हणजे कोपऱ्यावर उभं राहून पोरींना शिट्ट्या मारणारा. तेव्हा इंग्रजी 'लोफिंग अराउंड'चं भाषांतर 'लोफरगिरी' करू नका. तो बिचारा फक्त लोळत पडलेला असतो.